रताळ्यातला कस खताने वाढतो की उतरतो?

परसातला वरंबा (प्रश्न)

नमस्कार. घरामागच्या मोकळ्या जागेत मी सलग दोन हंगाम नारिंगी गराची रताळी लावली. बेणे एकाच वाफ्यातल्या वेलांच्या शेंड्यांचे होते, लागण एकाच दिवशी केली आणि पाणीही सर्व सऱ्यांना सारखेच दिले. फरक ठेवला तो केवळ खताचा. निम्म्या वरंब्यांत लागणीपूर्वी चांगले कुजलेले शेणखत मिसळले आणि पुढे काहीच दिले नाही. उरलेल्या निम्म्यांना शेणखत न देता लागणीनंतर युरिया दिला, आणि तो मोजून दिला नाही हे इथे स्पष्ट सांगितले पाहिजे. पाला जरा फिकट वाटला की मूठभर टाकायचा, असेच चालले होते.

युरियाच्या बाजूला वेल एवढा माजला की सरी कुठे संपते आणि वरंबा कुठे सुरू होतो तेही दिसेना. काढणीच्या वेळी मात्र कुदळीखाली आली ती बहुतेक बोटाएवढ्या जाडीची लांबट, चिवट मुळे आणि मोजकीच पोसलेली रताळी. ती उकडल्यावर पाणचट लागली आणि गर सुटासुटा झाला. शेणखताच्या वरंब्यांतली रताळी संख्येने फार नव्हती, पण गर घट्ट, पिठूळ आणि गोड होता. दोन्ही हंगामांत हेच घडले, त्यामुळे याला योगायोग म्हणता येत नाही.

माझा प्रश्न चवीपुरता नाही. घरात लहान मूल आहे आणि अ जीवनसत्त्वासाठी त्याला ही रताळी नियमित देण्याचा विचार आहे. खतामुळे चव आणि पोत जर एवढा बदलत असेल, तर बीटा कॅरोटीन, क जीवनसत्त्व, प्रथिने आणि खनिजे यांच्या प्रमाणातही तेवढाच फरक पडतो का? शेणखतावर वाढलेले रताळे अधिक पौष्टिक असते असे सर्रास म्हटले जाते, त्याला आधार आहे का? आणि युरिया जास्त पडलेल्या रताळ्यात नायट्रेट साठून ते मुलाला अपायकारक ठरण्याची भीती कितपत खरी आहे? ज्यांनी याचा अभ्यास केला आहे त्यांनी कारणांसह लिहावे, ही विनंती.

मातीचा अभ्यासक

आपण दोन हंगाम तेच निरीक्षण केले आणि मगच प्रश्न विचारला, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले आहे. मी पिकाच्या बाजूने लिहितो. आहाराची बाजू त्या विषयातील कोणी मांडली तर बरे होईल.

आपण बोलण्यात रताळ्याला कंद म्हणतो, परंतु बटाटा हे जसे जमिनीत फुगलेले खोड आहे तसे रताळे नाही. रताळे हे अन्न साठवून जाड झालेले मूळ आहे. बेण्याच्या पेरांतून फुटलेल्या मुळांपैकी कोणते मूळ फुगून रताळे होणार आणि कोणते पेन्सिलीसारखे बारीक राहणार, याचा निकाल लागणीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतच लागतो. त्या काळात मुळांभोवती सहज उचलता येईल असे नत्र (नायट्रोजन) फार असले, आणि जोडीला पाण्याने माती गच्च होऊन हवा खेळेनाशी झाली, तर मुळाच्या आत साठवणीच्या पेशी वाढण्याऐवजी लाकडी तंतूच अधिक तयार होतात. एकदा असा तंतू धरलेले मूळ पुढे कितीही खत दिले तरी पोसत नाही. आपल्या कुदळीला लागलेली चिवट मुळे ती हीच.

जी मुळे यातून वाचून रताळी होतात, त्यांचाही वाटा कमी पडतो. पानांत तयार होणारी साखर एक तर नवी पाने आणि नवे फुटवे वाढवण्यात खर्च होते किंवा खाली मुळाकडे जाऊन स्टार्चच्या रूपाने साठते. नत्र मुबलक असेपर्यंत वेल पाला वाढवीतच राहतो, खालची पाने वरच्या पानांच्या सावलीत जाऊन निकामी होतात, आणि मुळाकडे साखर उशिरा व तुटपुंजी पोहोचते. उकडलेल्या रताळ्याचा पाणचटपणा म्हणजे दुसरे काही नसून शुष्कांश, म्हणजे पाणी वगळून उरणारा भाग, कमी असणे होय, आणि त्या शुष्कांशाचा मोठा हिस्सा स्टार्चच असतो.

आता किती खत म्हणजे जास्त, याचा हिशेब रताळ्यातूनच मांडता येतो. कच्च्या नारिंगी रताळ्याच्या १०० ग्रॅममध्ये ढोबळमानाने ७७ ग्रॅम पाणी, २० ग्रॅम कर्बोदके, १.६ ग्रॅम प्रथिने, ३३७ मिलिग्रॅम पोटॅशियम आणि ४७ मिलिग्रॅम फॉस्फरस असतो. प्रथिनांचा आकडा ६.२५ ने भागला की नत्र मिळते. हेक्टरी २० टन रताळी निघाली असे धरले, तर त्यांच्याबरोबर जमिनीतून सुमारे ५१ किलो नत्र, ६७ किलो पोटॅशियम आणि साडेनऊ किलो फॉस्फरस बाहेर जातो. खताच्या पिशवीवर ज्या रूपात आकडे छापतात त्या रूपात हे सुमारे ८१ किलो पालाश (पोटॅशियमचे खतातले रूप) आणि २१ किलो स्फुरद (फॉस्फरसचे तसेच रूप) होतात. म्हणजे हे पीक नत्रापेक्षा पालाश कितीतरी जास्त नेते. युरियात ४६ टक्के नत्र असते, त्यामुळे ५१ किलो नत्र म्हणजे १११ किलो युरिया. १०० चौरस मीटरच्या तुकड्याला हे प्रमाण अवघे १.१ किलो पडते, तेही मातीने स्वतः काहीच नत्र दिले नाही असे मानले तर. पाल्यालाही नत्र लागते हे खरे, परंतु तो पाला त्याच जमिनीत गाडला तर त्यातले बरेचसे नत्र जागीच राहते. आपण मुठीने टाकलेला युरिया याच्या किती पट झाला असेल, हे आपणच ताडून पाहावे. याशिवाय रताळ्याच्या वेलात आणि मुळांत हवेतील नत्र स्थिर करणारे काही जिवाणू राहतात असे आढळले आहे, आणि हलक्या जमिनीतही हे पीक तग धरते त्यामागे तेही एक कारण मानले जाते.

पालाशाकडे आपले लक्ष गेलेले दिसत नाही, आणि माझ्या मते आपल्या प्रश्नाचा अर्धा गाभा तिथेच आहे. पानातली साखर वाहिन्यांत चढवण्यासाठी आणि ती मुळापर्यंत नेण्यासाठी पोटॅशियम लागते, तसेच साखरेचे स्टार्च करणाऱ्या विकराला (एन्झाइमला) कामाला लावण्यासाठीही तेच लागते. पालाश कमी पडलेल्या जमिनीत रताळी लांबट आणि सडपातळ राहतात. आपल्या शेणखताने थोडे नत्र सावकाश दिले आणि सोबत पालाशही दिला. युरियाने फक्त नत्र दिले, तेही एकदम. म्हणून आपल्या दोन बाजूंमधील तुलना शेणखत विरुद्ध रासायनिक खत अशी नसून, संतुलित खत विरुद्ध एकट्या नत्राचा अतिरेक अशी आहे. या दोन गोष्टींची गल्लत फार ठिकाणी होते, आणि तिच्यापायी खताबद्दलचे पुष्कळ वाद निष्फळ ठरतात.

पालाश देताना त्याचे रूपही पाहावे. म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये ६० टक्के पालाश असतो, परंतु त्याच्या जोडीला क्लोराइड मोठ्या प्रमाणात येते. सल्फेट ऑफ पोटॅशमध्ये पालाश ५० टक्के आणि जोडीला गंधक असते. क्लोराइड जास्त झाले की पेशी पाणी अधिक धरतात आणि शुष्कांश थोडा उतरतो, म्हणून पिठूळपणा हवा असेल तेव्हा सल्फेटचे रूप बरे. पालाशही बेसुमार दिला तर शुष्कांश खाली येऊ शकतो, हे विसरू नये. स्फुरदाबद्दल फार लिहीत नाही. या पिकाची मुळे मातीतल्या उपयुक्त बुरशीच्या मदतीने तो बऱ्यापैकी मिळवतात आणि जमिनीत तो फारच कमी असेल तरच वेगळा फरक दिसतो.

आहारवेध

वरील उत्तरात पिकाची बाजू नेमकी मांडली गेली आहे. आता ताटात येणाऱ्या रताळ्याकडे पाहू.

सर्वप्रथम एक सावधगिरी सांगते, कारण खत आणि पोषण यांविषयी वाचताना तिच्याअभावी हमखास फसगत होते. कोणत्याही पोषकाचे प्रमाण ताज्या वजनावर काढले आहे की वाळलेल्या वजनावर, हे आधी पाहावे. समजा दोन रताळ्यांच्या प्रत्येकी १०० ग्रॅम ताज्या गरात ८ मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन आहे, पण एकाचा शुष्कांश २२ टक्के आणि दुसऱ्याचा २८ टक्के आहे. वाळलेल्या वजनावर पहिल्याचा आकडा ३६.४ मिलिग्रॅम येईल आणि दुसऱ्याचा २८.६. पाणचट रताळे कागदावर अधिक पौष्टिक ठरेल, वास्तविक खाणाऱ्याच्या पोटात दोन्हींतून तेवढेच कॅरोटीन जाणार आहे.

दुसरी गोष्ट विरलनाची. खताने उत्पादन वाढले की वेलाने उचललेले खनिज अधिक गरात वाटले जाते. समजा एका वेलाला खताविना १ किलो रताळी आली आणि त्यांत मिळून ३ मिलिग्रॅम जस्त होते. खत दिल्यावर दीड किलो आली आणि जस्त ३.६ मिलिग्रॅम झाले. वेलाने जस्त जास्तच उचलले, तरीही १०० ग्रॅममागे ते ०.३० वरून ०.२४ मिलिग्रॅमवर आले. जॅरेल आणि बेव्हर्ली या संशोधकांनी १९८१ साली या परिणामाचा सविस्तर आढावा घेतला होता, आणि रासायनिक खताने अन्न निःसत्त्व होते या विधानामागे पुष्कळदा हेच साधे गणित असते. ज्या घरात पोटभर अन्नाचीच चणचण आहे तिथे दीड किलो रताळ्यांचे मोल १ किलोपेक्षा निश्चितच अधिक, म्हणून नुसत्या टक्केवारीवरून खताला दोष देणे मला पटत नाही.

आता एकेका घटकाकडे वळते.

बीटा कॅरोटीनच्या बाबतीत निर्णायक गोष्ट वाण आहे, खत नव्हे. पांढऱ्या गराच्या रताळ्यात ते नगण्य असते, आणि कितीही खत दिले तरी पांढरे रताळे नारिंगी होत नाही. नारिंगी गरात १०० ग्रॅममागे साधारण ८.५ मिलिग्रॅम मिळते. २०१६ चा जागतिक अन्न पुरस्कार मारिया आंद्राडे, रॉबर्ट म्वांगा, जॅन लो आणि हॉवर्थ बाऊस यांना मिळाला. त्यांपैकी पहिल्या तिघांचे काम आफ्रिकेत अ जीवनसत्त्वाच्या अभावावर उपाय म्हणून नारिंगी रताळ्याचे वाण विकसित करण्याचे आणि ते लोकांपर्यंत नेण्याचे होते. तो लढा बेण्याच्या जोरावर लढला गेला, ही बाब आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने बोलकी आहे. ठरलेल्या वाणात खताने कॅरोटीन काही प्रमाणात वर खाली होते. पालाश पुरेसा असल्यास ते वाढल्याचे अनेक प्रयोगांत दिसले आहे. नत्राबाबत निष्कर्ष एकसारखे नाहीत. उपाशी वेलाला माफक नत्र मिळाले तर रंग सुधारतो, आणि भरपेट वेलाला आणखी दिले तर लाभ दिसत नाही.

आपल्या मुलापुरता हिशेब असा. शरीरात १२ मायक्रोग्रॅम बीटा कॅरोटीनपासून सुमारे १ मायक्रोग्रॅम अ जीवनसत्त्व बनते असे धरतात, म्हणजे १०० ग्रॅम नारिंगी रताळ्यातून सुमारे ७०० मायक्रोग्रॅम मिळते. अमेरिकेतील मानकानुसार १ ते ३ वर्षांच्या बालकाची रोजची गरज ३०० मायक्रोग्रॅम आहे. खताच्या चुकीने कॅरोटीन पाचव्या हिश्शाने घटले असे मानले, तरी ५५ ग्रॅमच्या आत ही गरज भागते. त्यापेक्षा रताळे शिजवून मऊ केले का आणि सोबत थोडा स्निग्ध पदार्थ दिला का, यावर कॅरोटीन अंगी लागणे जास्त अवलंबून आहे, कारण ते चरबीत विरघळते.

प्रथिनांबाबत नत्राची बाजू वरवर भक्कम दिसते. नत्र वाढवले की प्रथिनांचा आकडा वाढतो, हे बहुतेक प्रयोगांत आढळते. परंतु तो आकडा एकूण नत्राला ६.२५ ने गुणून काढलेला असतो, आणि नत्राच्या अतिरेकात रताळ्यात सुटी अमिनो आम्ले आणि अमाइडे साठतात, तीही त्या गुणाकारात प्रथिने म्हणून मोजली जातात. जे खरे प्रथिन वाढते त्यात मोठा वाटा स्पोरामिन या साठवण-प्रथिनाचा असतो. त्यात पचनातील ट्रिप्सिन या विकराला अडवण्याचा गुण आहे, म्हणून रताळे नीट शिजवूनच द्यावे. उष्णतेने हा अडथळा बराचसा नाहीसा होतो. एकंदरीत, प्रथिनांसाठी रताळ्याला युरिया घालणे हा उपाय मला सर्वथा चुकीचा वाटतो. मुलाला प्रथिने इतर अन्नातून द्यावीत.

क जीवनसत्त्व मात्र नत्राच्या अतिरेकाने घटते, आणि हे रताळ्यापुरते नाही, अनेक फळे व भाज्यांत हेच दिसले आहे. वेलाकडे सुटी साखर कमी उरते आणि दाट पाल्यामुळे प्रकाशही कमी मिळतो, ही त्याची कारणे सांगितली जातात. जांभळ्या गराच्या रताळ्यातील अँथोसायनिन आणि सर्वच रताळ्यांतील क्लोरोजेनिक आम्लासारखे फिनॉलिक पदार्थही साधारण याच दिशेने वागतात. नत्र किंचित कमी असलेल्या वेलात ते अधिक असतात आणि नत्राने माजलेल्या वेलात कमी. शेणखतावरचे रताळे अधिक पौष्टिक असते या म्हणण्याला जो काही आधार आहे तो मुख्यतः इथे आहे, आणि तोही शेणखतातून नत्र सावकाश सुटते म्हणून.

नायट्रेटची भीती रताळ्याच्या बाबतीत तरी बाळगू नये. नायट्रेट पाण्याबरोबर मुळाकडून पानांकडे चढते, आणि पोसणाऱ्या रताळ्याचे अन्न उलट दिशेने, पानांकडून साखरेच्या वाहिन्यांतून येते, ज्यांत नायट्रेट अत्यल्प असते. म्हणून ते साठते पानांत आणि देठांत. वेलाच्या कोवळ्या पानांची भाजी मुलाला देत असाल, तर युरियावर माजलेल्या वेलाची पाने टाळावीत किंवा उकडून पाणी फेकून द्यावे.

जुना लागवडदार

वरच्या दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे, तरी एक गोष्ट निसटली आहे असे वाटते, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. प्रश्नकर्त्यांनी दोन्ही बाजूंची काढणी एकाच दिवशी केली असावी. नत्र जास्त झालेले रताळे उशिरा पोसते आणि उशिरा पक्व होते. मग एकाच दिवशी काढलेल्या दोन रताळ्यांत आपण खताची तुलना करतो आहोत, की पक्व आणि कोवळ्या रताळ्याची? शुष्कांश आणि नारिंगी गरातले कॅरोटीन, दोन्ही मुळाच्या वयाबरोबर वाढत जातात. पाणचटपणाचा मोठा हिस्सा कोवळेपणाचा असू शकतो.

पक्वता पाहण्याची जुनी पद्धत अगदी सोपी आहे. रताळे आडवे कापावे आणि कापावर येणारा पांढरा चीक वाळू द्यावा. चीक पांढराच राहून वाळला तर रताळे पक्व झाले, आणि तो हिरवट काळा पडला तर अजून थांबावे. पुस्तकी दिवस मोजण्यापेक्षा मी या चिकावर जास्त भरवसा ठेवतो.

शेणखताबद्दलही एक इशारा द्यावासा वाटतो. ते नैसर्गिक आहे म्हणून कितीही घालावे असे नाही. अर्धवट कुजलेले शेणखत लागणीच्या तोंडावर भरमसाट घातले, तर त्याच्यानेही वेल माजतो, शिवाय हुमणी (जमिनीत राहून मुळे खाणारी अळी) लागते आणि रताळी कुरतडली जातात. मी स्वतः एका वर्षी कोंबडीखत असेच हात सैल सोडून घातले होते आणि त्या हंगामात पाल्याचे ढीग निघाले, रताळी निघाली नाहीत. पिकाला नत्र पिशवीतून आले की गोठ्यातून, याने फरक पडत नाही. ते किती आले आणि कधी आले, यानेच पडतो.

आणखी एक. वेल पसरून त्याच्या पेरांना जागोजागी मुळ्या फुटत असतील तर वेल हलकेच उचलून पालटावा, नाहीतर साखर त्या फुटकळ मुळ्यांत वाटली जाते. काढणीनंतर रताळी साधारण ३० अंश तापमानात आणि दमट हवेत ४ ते ७ दिवस ठेवली तर जखमा भरतात, स्टार्चचा काही भाग साखरेत उतरतो आणि गोडी वाढते. खताची तुलना चवीवरून करायची असेल, तर दोन्ही बाजूंची रताळी सारखेच दिवस मुरवलेली असली पाहिजेत.

परसातला वरंबा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काढणी एकाच दिवशी केली होती, हे खरे आहे, आणि ती त्रुटी माझ्या लक्षातच आली नव्हती. पालाश मी कधीच दिला नाही. पुढच्या हंगामात नीट प्रयोग करण्याची इच्छा आहे. प्रयोगशाळेविना घरच्या घरी काय मोजता येईल? आणि जस्त, कॅल्शियम यांसारखी सूक्ष्म किंवा दुय्यम अन्नद्रव्ये जमिनीतून किंवा फवारून दिल्यास रताळ्यात उतरतात का?

मातीचा अभ्यासक

लागवडदारांचा पक्वतेचा मुद्दा मान्य आहे, तो माझ्या उत्तरात यायला हवा होता.

प्रयोग लहानच ठेवावा. तीन प्रकार पुरेत: काहीही खत नाही, केवळ मोजून दिलेले नत्र, आणि तेवढेच नत्र अधिक पालाश. प्रत्येक प्रकाराचे तीन वरंबे करावेत आणि ते एका बाजूला सलग न लावता जागा बदलून लावावेत, कारण आपल्या मागच्या मांडणीत निम्मी जमीन एकीकडे आणि निम्मी दुसरीकडे होती. एका बाजूला ओल किंवा सावली अधिक असल्यास तोच फरक खताच्या नावावर जमा होतो. नत्राचे दोन हप्ते करावेत, एक लागणीच्या वेळी आणि दुसरा महिनाभराने, आणि त्यानंतर पाला कितीही फिकट वाटला तरी हात आवरावा. कडेचे वेल मोजणीत घेऊ नयेत.

घरी मोजण्याजोगी सर्वांत भरवशाची गोष्ट शुष्कांश आहे. प्रत्येक वरंब्यातील पाच वेलांची मध्यम आकाराची रताळी घ्यावीत, पातळ चकत्या कराव्यात, आणि टोकाच्या व मधल्या चकत्या मिसळून नेमक्या १०० ग्रॅम तोलाव्यात. टोके आणि मध्य यांत शुष्कांश सारखा नसतो, म्हणून हे मिसळणे टाळू नये. त्या ६५ ते ७० अंशांवर वाळवाव्यात, आणि दोन लागोपाठच्या तोलांत वजन सारखे आले की थांबावे. उरलेले ग्रॅम म्हणजेच शुष्कांशाचे टक्के. रंगासाठी तिन्ही प्रकारांची रताळी एकाच वेळी कापून, दिवसाच्या उजेडात शेजारी शेजारी ठेवून लगेच पाहावीत, कारण कापलेला गर थोड्या वेळात तपकिरी पडू लागतो. एकाच वाणात गडद नारिंगी म्हणजे अधिक कॅरोटीन, हे बऱ्याच अंशी विश्वसनीय आहे.

जस्त आणि कॅल्शियम यांचे उत्तर निरनिराळे आहे. जमिनीत जस्ताची खरोखर कमतरता असेल तर ते दिल्याने पीक सुधारते आणि रताळ्यातही थोडे वाढते. पानांवर फवारलेल्या जस्ताचा बराच भाग मात्र पानांतच राहतो. कॅल्शियम तर पाण्याच्या प्रवाहाबरोबर वर चढते आणि पानात एकदा स्थिरावले की साखरेच्या वाहिन्यांतून खाली जवळजवळ येतच नाही. रताळ्याच्या १०० ग्रॅममध्ये ते सुमारे ३० मिलिग्रॅम, तर त्याच्या पानांत ७८ मिलिग्रॅम असते, त्याचे कारण हेच. जिप्सम (कॅल्शियमयुक्त खनिज) टाकून रताळ्यातले कॅल्शियम वाढेल अशी आशा ठेवू नये. बोरॉनची कमतरता असल्यास गरात तपकिरी डाग पडतात आणि रताळी वेडीवाकडी होतात, पण त्याची मात्रा अल्प आणि अतिरेक विषारी असल्याने माती परीक्षणाशिवाय ते देऊ नये.

एक गोष्ट विचारली नव्हती तरी सांगतो. काही खडकांपासून बनलेल्या स्फुरद खतांत कॅडमियम हा घातक धातू असतो, आणि युरोपीय संघाने त्यासाठी एक किलो स्फुरदामागे ६० मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे. आम्लधर्मी जमिनीत, तसेच क्लोराइड जास्त असलेल्या जमिनीत, पीक हा धातू अधिक उचलते. परसबागेत वर्षानुवर्षे गरज नसताना स्फुरद टाकत राहू नये, यासाठी एवढे कारण पुरेसे आहे. मातीचा सामू (आम्लता दाखवणारा पीएच) साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यान असल्यास या पिकाचे बहुतेक प्रश्न आपोआप सौम्य होतात.

परसातला वरंबा

युरियाच्या बाजूचा शेवटचा एक वरंबा या हंगामात काढायचा राहून गेला होता. लागवडदारांचे उत्तर वाचून आज सकाळी त्यातले एक रताळे उकरले आणि आडवे कापले. कापाच्या कडेने, सालीला लागून, चिकाचे बारीक थेंब उभे राहिले आणि दहाएक मिनिटांत त्यांचा रंग पांढऱ्यावरून हिरवट, मग काळपट झाला. शेणखताच्या बाजूचे घरात ठेवलेले रताळे सोबत कापायला घेतले, पण ते काढून बरेच दिवस झाल्याने त्याला चीक फारसा आलाच नाही, त्यामुळे ती तुलना धरत नाही. उरलेला वरंबा आणखी तीन आठवडे तसाच ठेवतो, दर आठवड्याला एक रताळे कापून चीक पाहतो आणि प्रत्येक वेळी १०० ग्रॅम चकत्या वाळवून तोलतो. आकडे इथेच लिहीन.